आठ वर्षांच्या ड्यूटीनंतर पेशंटची बेल नकोशी वाटू लागते तेव्हा

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय एकतीस, जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविका झालेली, आठ वर्षं एका खासगी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स. वर्षभरापासून कंबर धरते, सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकवत नाही, नाइट करून आल्यावर झोप लागत नाही. पूर्वी पेशंटशी चार शब्द बोलल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही, आता बेल वाजली की चीड येते. गेल्या महिन्यात बरेच दिवस तुमच्या वॉर्डात असलेल्या एक आजी गेल्या आणि तुला काहीच वाटलं नाही. त्या काही न वाटण्याची तुला भीती वाटली. नर्स म्हणून मी संपले का आणि नोकरी सोडू का, असं तू विचारलंस.

मी वयाने बरीच मोठी आहे, म्हणून तुला अगं-तूगं करते. सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डांमध्ये, मग इन्चार्ज म्हणजे वॉर्डाची प्रमुख म्हणून आणि शेवटी नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात माझी नोकरी गेली. तुझ्यासारख्या कितीतरी मुली माझ्या टेबलासमोर बसून हेच बोलल्या आहेत. त्यातल्या बहुतेक आजही उत्तम काम करताहेत, काही वॉर्डात, काही दुसरीकडे. तेव्हा आधी एवढं ऐक: तू संपलेली नाहीस. नोकरी सोडण्याचा निर्णय मात्र आज घेऊ नकोस, आणि आहे तसं रेटतही राहू नकोस. आपल्या कामात मन दमतं ते कंबरेतून आणि झोपेतून. ती दोन जरा ताळ्यावर आल्याशिवाय तुझं मन या पेशाला विटलंय की नुसतं थकलंय, हे तुलाही कळणार नाही आणि मलाही सांगता येणार नाही.

याला बर्नआउट म्हणतात हे तुला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था, असं त्याचं वर्णन केलंय. खुणा तीन: अंगातलं त्राण संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाविषयी कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुझ्या मजकुरात तिन्ही दिसतात. या व्याख्येत कामाची जागा सुरुवातीलाच आहे, हे मी मुलींना मुद्दाम दाखवायचे. कारण आपल्याकडे दमलेल्या सिस्टरला पहिला सल्ला मिळतो तो मन घट्ट करण्याचा.

आता कामाच्या जागेचा हिशोब मांडू. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे आपण पहिल्या वर्षीच शिकतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये पेशंट उचलण्यासाठी एक मर्यादा सुचवली: परिस्थिती अगदी अनुकूल असली तरी एका माणसाने सुमारे १६ किलोहून जास्त भार हातांनी उचलू नये. पेशंट म्हणजे पोतं नव्हे, तो मध्येच हलतो, घाबरून गळ्याला धरतो, त्याला नळ्या लावलेल्या असतात, म्हणून ही मर्यादा सामान उचलण्यापेक्षा कमी ठेवली. सत्तर किलोच्या अर्धांगवायूच्या पेशंटचा एक पायच दहा-बारा किलोचा असतो. म्हणजे तू रोज एकटीने जे करतेस ते मुळात एका माणसाचं काम नाही.

भारतीय नर्सिंग परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयांसाठी तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयांसाठी पाच रुग्णांमागे एक नर्स असं आहे, शिवाय रजांसाठी ३० टक्के जास्तीच्या जागा धरलेल्या आहेत. तुझ्या वॉर्डात रात्री किती पेशंटमागे किती जणी असतात ते तू लिहिलेलं नाहीस, पण मी अंदाज करू शकते. एक सिस्टर रजेवर गेली की उरलेल्यांनी डबल ड्यूटी करायची, ही पद्धत त्या ३० टक्क्यांच्या जागी उभी आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांची गोष्ट आपल्या पेशातल्या प्रत्येकीला माहीत आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, त्यात त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि मे २०१५ मध्ये गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या सिस्टर्सनी त्यांना सांभाळलं, आणि एवढ्या काळात त्यांना एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, झाला नाही याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. आपण ही गोष्ट त्यागाचं उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यात आणखी एक दिसतं. ती सेवा कोण्या एका सिस्टरने केली नाही. सिस्टर्सच्या पिढ्या बदलल्या, पाळ्या बदलल्या, एकीने दुसरीच्या हातात ड्यूटी दिली आणि घरी गेली. आपल्याकडचं चांगलं काम असंच होतं, आळीपाळीने आणि अनेक हातांनी. तू एकटीने ते पेलत नाहीस यात तुझं काही चुकत नाही.

आता कामाला लागू. पहिल्या आठवड्यात स्वतःचं रक्त तपासून घे. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण आपण दिवसभर दुसऱ्यांची रक्तं काढतो आणि स्वतःचं हिमोग्लोबिन किती हे वर्षानुवर्षं माहीत नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या ड्यूटीरूममध्ये बसलेल्या दोघींपैकी एकीला तो असण्याची शक्यता आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर. नऊ हिमोग्लोबिनवर नाइट करणारी मुलगी पेशंटवर चिडते तेव्हा तिला समुपदेशनाच्या आधी लोह लागतं.

कंबरेसाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे रीतसर केसपेपर काढून जा. कॉरिडॉरमध्ये गाठून "सर, कंबर दुखते" म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. त्यांनी गोळी लिहून दिली की आपण निघतो आणि मूळ कारण तसंच राहतं. पाय बधिर होणं, पायातली ताकद जाणं, जांघेच्या आणि बसण्याच्या भागात संवेदना कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर ड्यूटी संपण्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. तसं नसेल तर फिजिओथेरपीच बहुधा मुख्य उपचार असतो, आणि तो आठवडाभरात सोडून द्यायचा नसतो.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल आपण आपसातही मोकळेपणाने बोलत नाही. "मला एक डायक्लो लावून दे ना" हे वाक्य, म्हणजे दुखणं दाबणाऱ्या इंजेक्शनची मागणी, प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं. आधी अडचण म्हणून, मग महिन्याला, मग प्रत्येक मॉर्निंगला. पाणी न पिता, उपाशीपोटी घेतलेली ही औषधं जठर आणि किडनी दोन्ही बिघडवतात, हे आपण पेशंटला समजावतो. शिवाय दुखणं दाबून तू पुन्हा तेच वजन तशीच उचलतेस. झोपेसाठी अल्प्राझोलामची पट्टी पर्समध्ये आली असेल तर ती आज डॉक्टरांना सांग. नियमित घेत असशील तर स्वतःच्या मनाने अचानक बंदही करू नकोस.

पेशंट हलवण्याच्या पद्धतीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुझी कंबर तिथेच गेली आहे. शिकताना आपल्याला सांगतात की गुडघ्यात वाक, पाठ सरळ ठेव. ते बरोबर आहे, पण तेवढ्याने कंबर वाचत नाही. खरा फरक पडतो तो उचलण्याऐवजी सरकवण्याने. पेशंटला उशीकडे वर घ्यायचं असेल तर आधी बेडची डोक्याकडची बाजू सपाट कर, त्याने श्वासाला त्रास होणार नसेल तर. आपण नव्वद टक्के वेळा ती वर ठेवूनच पेशंटला ओढतो, म्हणजे चढावर ओढतो. शुद्धीत असेल तर त्याला गुडघे दुमडायला सांग, हनुवटी छातीकडे घ्यायला सांग आणि "तीन म्हटल्यावर टाचा रेटा" असं सांग. अशक्त माणूससुद्धा थोडा रेटा देतो आणि तेवढ्याने तुझ्या मणक्यावरचा भार कमी होतो. दोघी दोन बाजूंना, ड्रॉशीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर, त्याच्या अंगालगत गुंडाळून घट्ट पकडलेलं, एक पाय पुढे, आणि ओढताना हातांनी खेचण्याऐवजी सगळं अंग मागच्या पायावर न्यायचं. ड्रॉशीटखाली गुळगुळीत कापडाची स्लाइडशीट असेल तर काम निम्मं होतं. ती महाग वस्तू नाही. वॉर्डाला दोन मिळाल्या तरी पुरे, इन्चार्जकडे मागून घे.

आपल्याकडच्या बऱ्याच वॉर्डांत बेडची उंची बदलता येत नाही हे मला ठाऊक आहे. तिथे बेड कमी उंचीचा असेल तर कमरेतून वाकून ड्रेसिंग करण्याऐवजी स्टूल ओढून बस. सिस्टर बसलेली दिसली की कोणी काही बोलेल या भीतीने आपण उभ्यानेच सगळं करतो. बसून केलेलं ड्रेसिंग तितकंच चांगलं होतं. पेशंटला कधीही तुझ्या मानेला धरू देऊ नकोस, तुझ्या खांद्यामागे किंवा कमरेच्या पट्ट्याला धरू दे. आणि उभा पेशंट कोसळत असेल तर त्याला झेलायचं नाही. त्याला जवळ घे, पाय रुंद कर आणि तुझ्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर सरकू दे, फक्त डोकं सांभाळ. झेलायला गेलेल्या किती मुलींचे मणके कायमचे गेले ते मी पाहिलंय.

मामा आणि मावशींना, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांना, बोलवायला संकोच करू नकोस. कूस बदलण्याच्या दोन तासांच्या फेऱ्या वेळ ठरवून दोघा-दोघांनी करा, म्हणजे प्रत्येक वेळी कोणाला तरी शोधत फिरावं लागणार नाही. पेशंट स्थिर असेल आणि नातेवाईक धडधाकट असेल तर त्याला कूस बदलायला शिकव. त्याला घरी गेल्यावर तेच करायचं आहे.

"दिवसभर चालतेच की, व्यायाम कशाला" असं तू म्हणशील. कामातली दगदग आणि व्यायाम यांचा शरीरावर सारखा परिणाम होत नाही. ड्यूटीत हालचाल तुझ्या ताब्यात नसते, मध्ये विश्रांती नसते आणि ठरावीक स्नायूच तासन्‌तास ताणले जातात. आठवड्यातून दोन-तीनदा, ड्यूटी नसताना, वीस मिनिटं पुरेत: खुर्चीवर बसून उठण्याच्या फेऱ्या, सेतुबंधासन, भिंतीला टेकून पिंढऱ्यांचा ताण, टाचेसाठी तळव्याखाली बाटली फिरवणं. नाइट करून आल्यावर मात्र व्यायाम नको. बूट घाल, कापडी चपटी चप्पल नको. पोटऱ्यांवर शिरा फुगल्या असतील तर डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे घाल, आणि ते सकाळी उठल्याबरोबर, पाय सुजण्याआधी.

आता नाइट. रात्रपाळीला सवय होते असं म्हणतात ते फार थोड्यांच्या बाबतीत खरं आहे. शरीराचं तापमान आणि सावधपणा पहाटे तीन ते पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतो, मग तू कितीही वर्षं नाइट केल्या असल्या तरी. दिवसाची झोप त्यामुळेच तुटक आणि आखूड होते, तुझी इच्छाशक्ती कमी पडते म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ मध्ये, आणि पुन्हा आढावा घेऊन २०१९ मध्ये, कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या गटात ठेवलं. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. नाइटच्या ऑफसाठी भांडायला लाजू नकोस, म्हणून सांगते.

पहिल्या नाइटच्या आधी दुपारी दीड-दोन तास झोप. चहा-कॉफी रात्री एकच्या आत संपव, कारण कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो आणि पहाटेचा चहा सकाळची झोप खातो. वॉर्ड शांत असेल आणि दुसरी सिस्टर जागी असेल तर वीस मिनिटं टेबलावर डोकं ठेवून आळीपाळीने डोळे मिटा. मी इन्चार्ज असताना याला परवानगी द्यायचे आणि आजही तिचं समर्थन करेन. पहाटे औषधाच्या डोसमध्ये होणारी चूक त्या वीस मिनिटांपेक्षा फार महाग असते. घरी येताना उन्हाचा चष्मा लाव, वाटेत भाजी घ्यायला थांबू नकोस, फोन बघू नकोस. आल्यावर हलकं खा, पडदे लाव, दाराची बेल बंद कर आणि सरळ झोप. साडेबारा-एकला जाग आली तर चिडू नकोस, संध्याकाळी निघण्याआधी पुन्हा तासभर पड. स्कूटीवर डुलकी लागत असेल तर नाइटनंतर स्कूटी नकोच, रिक्षा किंवा बस.

रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूट्यांच्या वेळापत्रकात, तीन गोष्टी माग. पाळ्या पुढे सरकत जाव्यात: मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट. उलट्या फिरवल्या की शरीर गोंधळतं. इव्हिनिंग करून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावू नये. रात्री नऊला सुटलेली मुलगी दहाला घरी पोचते आणि पहाटे पाचला डब्यासाठी उठते. दोन ड्यूट्यांमध्ये किमान अकरा तास हवेत. आणि ज्या दिवशी सकाळी नाइट उतरते तो दिवस ऑफ म्हणून मोजू नये. हा तिसरा अन्याय सगळ्यात जास्त रुग्णालयांत दिसतो. तो दिवस झोपेचा आहे, ऑफ त्यानंतरचा.

पाणी आणि लघवी यांबद्दल थोडक्यात: ड्यूटीभर लघवी दाबून ठेवायची आणि म्हणून पाणीच प्यायचं नाही, ही सवय मूत्रमार्गाचा संसर्ग, डोकेदुखी आणि चिडचिड तिन्ही देते. औषधांच्या फेरीनंतर लगेच, एकमेकींना सांगून, जाऊन यायचं. जेवणाचंही तेच.

आता त्या आजींबद्दल. त्या गेल्या आणि तुला काही वाटलं नाही. बाळ, तू रोज जे पाहतेस ते सगळं वाटत राहिलं तर माणूस उभा राहू शकणार नाही, म्हणून मन काही काळ बधिर होतं. त्या बधिरपणाची तुला भीती वाटली, हीच मला आशेची गोष्ट वाटते. पण त्याखाली आणखी काही आहे का, ते शोध. अँड्र्यू जेमटन या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ मध्ये नर्सिंगबद्दलच लिहिताना एका वेगळ्या त्रासाकडे लक्ष वेधलं: योग्य काय ते माहीत असतं, पण व्यवस्थेमुळे ते करता येत नाही, तेव्हा होणारा त्रास. आजींच्या तोंडात दोन चमचे पाणी घालायला बसायचं होतं आणि त्याच वेळी तीन सलाइन संपली होती. त्यांचा मुलगा काही विचारत होता आणि तू "डॉक्टरांना विचारा" म्हणून पुढे गेलीस, कारण ॲडमिशन आलं होतं. अशी शंभर अपूर्ण कामं साठली की मन स्वतःला वाचवण्यासाठी त्या माणसांकडे बघणंच बंद करतं. याचा इलाज आणखी माया लावण्यात नाही. अपुरेपणा हातांच्या संख्येचा होता, तुझ्या मायेचा नव्हता, हे मनाशी नीट लावून घेण्यात त्याची सुरुवात आहे.

दोन गोष्टी करून बघ. प्रत्येक ड्यूटीत एक पेशंट निवड, एकच, आणि त्याच्याजवळ दोन मिनिटं थांब. बीपी घेतानाच, वेगळा वेळ काढून नाही. नाव घेऊन बोल, उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐक. सगळ्यांना सगळं देण्याचा प्रयत्न काही महिने सोडून दे. दुसरं, वॉर्डात मृत्यू झाला की शेवटची तयारी आपणच करतो, अंग पुसतो, नळ्या काढतो, चादर घालतो. ते झाल्यावर जी सोबत असेल तिच्याबरोबर मिनिटभर तिथेच उभी राहा आणि त्या माणसाबद्दल एक आठवण बोल. "चहात साखर मागायच्या." एवढंही चालतं. मी माझ्या वॉर्डात हे सुरू केलं तेव्हा मुलींना आधी अवघड वाटलं, नंतर त्या आपणहून थांबायला लागल्या.

एक फरक ओळखायला शीक. थकवा कामापुरता असेल तर चार दिवस सुट्टी मिळाली की माहेरी, मुलांत, गप्पांत थोडं बरं वाटतं. सुट्टीतही कशातच मन रमत नसेल, जेवण-झोप बिघडलेली असेल, दोन आठवड्यांहून जास्त रोजच असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञाकडे जा. तुमच्याच रुग्णालयात जायचा संकोच वाटत असेल तर दुसरीकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन कर. ती मोफत आहे, चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. आणि जगू नये असा विचार एकदाही आला असेल तर आजच कोणाला तरी सांग. आपल्या हाताशी औषधं असतात, म्हणून आपल्या बाबतीत थांबून पाहण्याची चैन परवडत नाही.

घरचं तू फारसं लिहिलं नाहीस, फक्त "घरी गेल्यावर दुसरी ड्यूटी सुरू होते" एवढंच. ते पुरेसं आहे. घरच्यांना "मला मदत करा" म्हटलं तर सगळे हो म्हणतात आणि काही बदलत नाही. नेमकं काम नेमून दे: नाइटच्या आठवड्यात सकाळचा डबा नवरा करेल, मुलांना शाळेत सासरे सोडतील, दुपारी बारापर्यंत तुझ्या खोलीचं दार कोणी उघडणार नाही. सासूबाईंना एकदा तुमच्या वॉर्डातल्या रात्रीचं वेळापत्रक तासातासाने सांग. "हॉस्पिटलात बसूनच काम असतं ना" असा समज अजूनही पुष्कळ घरांत आहे, आणि तो कोणी दूर केलेलाच नसतो.

रुग्णालयाशी बोलायचं तर रडून किंवा रागावून बोलू नकोस, कागदावर बोल. दोन आठवडे छोट्या वहीत रोज पाच गोष्टी लिही: पेशंट किती, सिस्टर किती, पूर्ण आधार लागणारे किती, ड्यूटी ठरल्या वेळेनंतर किती लांबली, जेवायला मिळालं का. पेशंटचं नाव कुठेही नको. मग पाच-सहा जणींनी मिळून मेट्रनना, म्हणजे मुख्य परिचारिकेला, पत्र द्या. विषयात "रुग्णसुरक्षा" लिहा, कारण त्या शब्दाकडे व्यवस्थापनाला दुर्लक्ष करता येत नाही. मजकूर साधा असू दे: "गेल्या चौदा रात्रींपैकी इतक्या रात्री इतक्या पेशंटमागे दोनच सिस्टर होत्या. दर दोन तासांनी कूस बदलणं शक्य झालं नाही. आम्ही पुढील तीन गोष्टी सुचवतो." मागण्या तीनच, आणि त्यातली एक तरी बिनखर्चाची, म्हणजे रोस्टरचा क्रम. पोच घ्या. एकटीने तोंडी केलेली तक्रार तुझ्या स्वभावाच्या खात्यात जमा होते. सहा सह्यांचं पत्र फायलीत जातं.

पगाराबद्दलही माहीत असू दे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या: २०० हून जास्त खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका, १०० ते २०० खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २० हजारांच्या खाली नाही. पुष्कळ ठिकाणी हे पाळलं जात नाही, पण वाटाघाटीला बसताना हा आकडा डोक्यात असावा. आणि नातेवाईक अंगावर आले, हात उचलला, तर महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे, त्यात नर्सही येतात आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "जाऊ दे" म्हणून सोडून दिलेला प्रत्येक प्रसंग मनात साचतो.

आता तुझा मूळ प्रश्न. मी तुला तीन महिने मागते. पहिल्या महिन्यात तपासण्या, कंबरेचा उपचार, आणि साठलेली रजा असेल तर सलग आठ-दहा दिवस घे. लग्नकार्यासाठी राखून ठेवलेली रजाच आधी वापर. दुसऱ्या महिन्यात रोस्टरचं पत्र आणि वॉर्ड बदलून मागणं. मेडिसिन वॉर्डातून डायलिसिस, ओपीडी, एंडोस्कोपी किंवा संसर्ग नियंत्रण विभागात गेलेल्या मुली मी पाहिल्यात. काम तेवढंच महत्त्वाचं, उचल-ठेव कमी. तिसऱ्या महिन्यात, नीट झोप झालेल्या दिवशी, स्वतःला विचार: पेशंट नकोसे झालेत की ही जागा नकोशी झालीय?

जागा नकोशी असेल तर जागा बदल. पेशंटच नकोसे असतील तरी तुझं शिक्षण वाया जात नाही. जीएनएमनंतरचं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करून शिकवण्याकडे जाता येतं, गुणवत्ता विभागात, विमा कंपन्यांत, शाळांमध्ये, ग्रामीण आरोग्याच्या कामात जागा निघतात. प्रत्येक जाहिरातीतली पात्रता नीट वाचून अर्ज कर. परदेशाचा विचार मुली याच टप्प्यावर करतात. तिथे पेशंट उचलायला यंत्रं असतात हे खरं, पण बारा तासांच्या ड्यूट्या, थंडी आणि एकटेपणाही असतो. मोडलेल्या कंबरेने आणि तुटलेल्या मनाने तिकडे जाऊ नकोस, बरी होऊन जा.

सोडायचंच ठरलं तर राजीनामा लेखी दे, नोटिशीचा काळ पूर्ण कर, अनुभवाचा दाखला आणि कार्यमुक्तीचं पत्र हातात घेतल्याशिवाय शेवटच्या दिवशी बाहेर पडू नकोस. भविष्य निर्वाह निधीचं खातं नव्या ठिकाणी वळवून घे, मोडू नकोस. महाराष्ट्र परिचर्या परिषदेतली नोंदणी मात्र वेळच्या वेळी नूतनीकरण करत राहा, तू वर्षभर घरी बसलीस तरीही. परत यावंसं वाटलं तर पहिल्यांदा तेच विचारतील.